कमीचं बटण

जुबैलला गुरुवारी रात्री कंपनीची बस
आम्हाला मॉलच्या मागच्या दाराशी सोडते.
साडेदहाला परत.
तेवढ्यात घरी पैसे पाठवायचे, साबण घ्यायचा, जेवायचं.

अकरा वर्षं मी क्रेनखाली उभा आहे. रिगर.
पाइपाचं, व्हॉल्व्हचं, ओल्या वाळूच्या पोत्याचं
वजन मला तोंडपाठ.
बूम जितका लांब, तितकं ओझं कमी:
केबिनमध्ये तक्ताच लावलेला असतो,
तो ओलांडला की भोंगा.
माझा भोंगा वाजला रमजानच्या आधी,
कंपनीच्या दवाखान्यात.
सुदानचे डॉक्टर इद्रीस रिपोर्टकडे बघत म्हणाले,
"पोवार, रक्तात साखर आहे की साखरेत रक्त?"

लाल कोंबड्याच्या पाटीखाली रांग.
वर फळ्यावर प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडा, कॅलरीचा.
एवढी वर्षं मी फक्त रियालचा वाचत आलो.
आज चष्मा पुसून दुसरा वाचतो.
कुरकुरीत कोंबडीचा बॉक्स, बाराशे ऐंशी.
भाजलेली, कातडीशिवाय, चारशे दहा.
लसणाची पांढरी चटणी एकटीच दोनशे!
इवलीशी वाटी, शिशाच्या गोळीसारखी,
दिसते लहान, भरते जड.
आणि पुण्यकर्म समजून मी मागवायचो ते सॅलड,
तळलेले पावाचे तुकडे नि क्रीम अंगावर घेऊन
बर्गरच्या मांडीला मांडी लावून बसलेलं.

काउंटरवर दीपेंद्र, नेपाळचा, टोपी कपाळावर घसरलेली.
"चीज जास्त? सॉस जास्त?
दोन रियाल टाका, सगळंच मोठं होईल."
म्हटलं, कमी कर.
त्याचं बोट पडद्यावर अधांतरी राहिलं.
जास्तची बटणं सात.
कमीचं नाही.

आमच्याकडे पंगतीत "नको" म्हणजे अर्धी वाढा.
"नको, नको" म्हणजे एकच जिलबी.
पानावर हात आडवा धरला तरी
बोटांच्या फटीतून वाढणारे सोयरे आमचे.
खरंखुरं नको मला कुणी शिकवलंच नाही,
आणि हे यंत्र तर सगळ्या सोयऱ्यांचा व्याही.

तेवढ्यात साइटवरचा हात आपोआप वर आला:
बाजूला ताणलेला, तळवा खाली, मागेपुढे.
थांब.
मागे भाताचा डाव हवेतच थांबला.
डाव धरणारा उंच माणूस हसला,
त्यानेही कधीतरी हेल्मेट घातलं असणार.

दीपेंद्रने मग एकेक अक्षर टाइप केलं.
पाव नाही. तळलेलं नाही. चटणी नाही.
कोला नाही, पाणी.
पावती आली हातभर, सगळी नकारांची,
किंमत मात्र तीच.
"नाहीचे कसले पैसे घेतात रे?"
इस्माईल सारंग विचारतो, हर्णैचा, माझा क्रेनवाला.
त्याच्या ट्रेमध्ये सगळं मोठं.

अर्धा भात मी आधीच झाकणात काढून ठेवला.
पुढ्यात राहिलं की संपतं, माझं मला ठाऊक.
पहिले चार घास पुठ्ठ्यासारखे.
मग लिंबू पिळलं.
मग बरं लागलं, खोटं कशाला बोलू.

शालनला फोटो पाठवला.
उलट निरोप: "एवढंच? बरं नाही का?"

सारंगने फ्राईजचं पुडकं मध्ये सरकवलं,
न बोलता,
तो हूक हळूच खाली सोडतो तसं.
मी एक घेतली.
लांब होती, चांगली खारट.
दुसरीला हात आडवा धरला.

बस यायला वीस मिनिटं.
बाहेर रात्रीचे चाळीस अंश,
म्हणून मॉलच्या आतच फिरत राहिलो दोघं,
चपलांची दुकानं, सोन्याची, पुन्हा चपलांची.
तिसऱ्या फेरीला सारंग म्हणाला,
"पुढच्या गुरुवारी ती नाही-नाहीची पावती
माझ्यासाठीही काढ.
चटणी तेवढी राहू दे."